गळ्यात श्वासाची नळी असलेलं बाळ घरी आणताना

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदा महिन्यांचं बाळ, ट्रेकिओमलेशिया म्हणजे श्वासनलिका मऊ असल्यामुळे गळ्यात छिद्र करून बसवलेली ३.५ ची (आतला व्यास ३.५ मिलिमीटर) ट्रॅकिऑस्टॉमी नळी, रात्री झोपेत व्हेंटिलेटर. थोड्याच दिवसांत घरी सोडणार आहेत. घरात काय तयारी ठेवायची, रोज काय करायचं, आणि जिवाला धोका होतो तो नेमका कशाने?

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करू, कारण बाकीची उत्तरं त्यातूनच निघतात. घरी अशा मुलांवर बेतते ती बहुतेक वेळा दोन गोष्टींनी: नळी कफाने बुजते, किंवा नळी निघून येते. दोन्हींचा उपाय घरातल्याच माणसाने, एक-दोन मिनिटांच्या आत करायचा असतो. रुग्णवाहिका तेवढ्यात पोचत नाही. त्यात या मुलांचं रडणं बहुधा ऐकूच येत नाही. हवा स्वरयंत्रापर्यंत न जाता नळीतूनच बाहेर पडते, त्यामुळे बाळ कितीही कळवळून रडलं तरी शेजारच्या खोलीत पत्ता लागत नाही. म्हणून घराची सगळी मांडणी एकाच कसोटीवर करा: या क्षणी बाळाजवळ जो एकटा माणूस आहे, त्याला नळी साफ करता आणि बदलता येते का, आणि लागणारं सामान त्याच्या हाताशी आहे का?

यातून पहिली अट येते ती माणसांची. एकट्या आईला शिकवून सोडलं जातं, आणि ती आंघोळीला गेली की घरात कोणालाच काही येत नाही, असं सर्रास होतं. घरातल्या किमान दोघांना सगळं यायलाच हवं. घरी व्हेंटिलेटरवर असलेल्या मुलांसाठी अमेरिकन थोरॅसिक सोसायटीने २०१६ मध्ये दिलेल्या मार्गदर्शनातही कुटुंबातले किमान दोघे शिकलेले असावेत आणि बाळाजवळ कायम एक प्रशिक्षित, जागा माणूस असावा असंच म्हटलं आहे. दुसरा भाग बहुतेक घरांना झेपत नाही, हे उघड आहे. तरी रात्रीच्या पाळ्या ठरवून घ्या. दोघंही रात्रभर अर्धवट जागे राहण्यापेक्षा एकाने चार-पाच तास गाढ झोपलेलं बरं. थकलेल्या माणसाला अलार्म झोपेत ऐकूच येत नाही.

डिस्चार्जच्या आधी एक गोष्ट आग्रहाने मागा: वॉर्डातच एक-दोन दिवस-रात्र बाळाचं सगळं तुम्हीच करायचं, नर्सने फक्त बाजूला उभं राहायचं. सक्शन (मशीनने नळीतला कफ ओढून काढणं), नळी गळ्याला धरून ठेवणारी फीत बदलणं, औषधं, रात्रीचे अलार्म, सगळं. नळी बदलणं दोघांनीही प्रत्यक्ष बाळावर करून पाहिल्याशिवाय घरी येऊ नका. बाहुलीवरचा सराव चांगला, पण पुरेसा नाही.

आता सामान. एक तातडीची बॅग, जी बाळ जिथे जाईल तिथे जाते, अगदी एका खोलीतून दुसऱ्या खोलीतही. तिच्यात बाळाला असलेल्या मापाची एक नळी आणि अर्ध्या मापाने लहान एक, म्हणजे तुमच्या बाबतीत ३.५ आणि ३.०. दोन्हींना फीत आधीच एका बाजूला बांधलेली. बोथट टोकाची कात्री, जादा फिती, पाण्यात विरघळणारी जेली, सक्शन कॅथेटर (कफ ओढायची बारीक मऊ नळी), सलाइन, गॉझ, ॲम्बू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी) आणि तिचा लहान मास्क, बॅटरीवर चालणारं सक्शन मशीन. शिवाय वीज आणि बॅटरी दोन्ही दगा देतील तेव्हासाठी पायाने किंवा हाताने चालणारा सक्शन पंप. नळीची ऑर्डर देताना फक्त आतला व्यास सांगू नका. ३.५ ची नळी निओनेटल आणि पेडियाट्रिक अशा दोन लांबींत येते. एक साधारण ३ सेंटिमीटर, दुसरी ४. चुकीची आली तर एकतर ती सहज निसटते, नाहीतर टोक खोल जाऊन श्वासनलिकेला घासतं. खोक्यावरचं लेबल मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा आणि तोच दाखवा. नळीला श्वासनलिकेत फुगवायचा फुगा आहे की नाही, आणि असेल तर त्यात हवा भरायची की निर्जंतुक पाणी, हेही त्याच फोटोखाली लिहा. दोन्ही प्रकारच्या नळ्या वापरात आहेत आणि अदलाबदल चालत नाही.

सक्शनबद्दल जरा सविस्तर सांगायला हवं, कारण इथेच सगळ्यात जास्त चुका होतात. कॅथेटरचा फ्रेंच आकडा (त्याच्या जाडीचं माप) नळीच्या मिलिमीटरमधल्या व्यासाच्या साधारण दुप्पट असतो. ३.५ च्या नळीला ७, तो न मिळाल्यास ६. डॉक्टरांनी ८ सांगितला असेल तर तो नळीत अडकत नाही ना, हे त्यांच्यासमोरच पाहा. यापेक्षा जाड घातला की नळीच भरते, आणि सक्शन चालू असताना बाळाला श्वासाला जागा उरत नाही.

किती खोल जायचं हे अंदाजाने ठरवायचं नाही. जादा नळी हातात घ्या, तिच्यातून कॅथेटर घाला, टोकाजवळची बाजूची भोकं नळीच्या खालच्या तोंडाबाहेर जेमतेम दिसली की थांबा. नळीच्या वरच्या कनेक्टरच्या कडेपाशी कॅथेटरवर कोणता आकडा आला ते पाहा. तेच तुमचं माप. टोक नळीबाहेर अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जास्त जाता कामा नये. हा आकडा मोठ्या अक्षरांत पलंगाच्या वर चिकटवा. नळीवर ॲडॅप्टर बसवलेला असताना त्यातूनच सक्शन करत असाल तर ॲडॅप्टरच्या लांबीइतकं माप वाढतं, हे विसरलं जातं, मग कॅथेटर नळीच्या टोकापर्यंत पोचतच नाही आणि कफ नेमका तिथेच वाळत राहतो. उलट दर वेळी ‘अडेपर्यंत’ घालत राहिलं, तर श्वासनलिकेच्या त्याच ठिकाणी जखम होते, तिथे मांस वाढतं आणि पुढे तेच नळीचं तोंड अडवतं. खोकला आला म्हणजे सक्शन चांगलं झालं, हा समज सोडून द्या.

मशीनचा दाब या वयाला साधारण ८० ते १०० मिमी पारा. सक्शन मशीनच्या नळीचं तोंड अंगठ्याने बंद करून काटा पाहायचा, मगच कॅथेटर आत घालायचा. आत जाताना दाब नको. बाहेर काढताना कॅथेटरच्या मागच्या टोकाजवळच्या भोकावर अंगठा दाबून, कॅथेटर बोटांत फिरवत काढायचा. एक फेरी ५ सेकंदांत संपली पाहिजे. दोन फेऱ्यांमध्ये बाळाला काही श्वास घेऊ द्या, ऑक्सिजन पूर्ववत होऊ द्या. व्हेंटिलेटरवर असेल तर मध्ये पुन्हा जोडा. सलाइनचे थेंब नळीत टाकून सक्शन करण्याची सवय लावून घेऊ नका. त्याने कफ फारसा पातळ होत नाही, उलट खोकल्याने ऑक्सिजन खाली येतो. नळीत खपली अडकली आहे अशी शंका असेल आणि तुमच्या टीमने सांगितलं असेल तरच, तेही अर्धा मिलिलिटर इतपत.

किती वेळा? घड्याळ लावून नाही. सकाळी उठल्यावर, भरवण्याआधी, झोपवण्याआधी, आणि एरवी गरज दिसेल तेव्हा. गरज कशी दिसते: नळीत बुडबुड्यांचा आवाज, तोंडाशी आलेला कफ, उगाचची चुळबुळ, बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं. पण एक आवाज वेगळा ओळखायला शिका. घरघर म्हणजे ओला कफ, तो निघतो. बारीक शिट्टीसारखा आवाज म्हणजे नळीच्या आत कफ वाळून भोक अरुंद झालंय. अशा वेळी सक्शनमध्ये काहीच येत नाही, म्हणून ‘साफ आहे’ असं वाटतं आणि फसगत होते. शिट्टी आली आणि कॅथेटर अडकत जातोय असं जाणवलं, तर नळी बदला.

कफ का वाळतो, याचं मूळ जवळजवळ नेहमी कोरड्या हवेत असतं. नाकाचं काम हवा गरम आणि ओलसर करण्याचं. नळीमुळे ते बाजूलाच पडलं. म्हणून नळीवर एचएमई, ज्याला कृत्रिम नाकही म्हणतात, ते दिवसभर हवं. बाहेर जाणाऱ्या श्वासातली वाफ ते धरून ठेवतं आणि आत येणाऱ्या हवेला देतं. रोज नवीन, आणि कफाने भिजलं तर लगेच नवीन. धुऊन वाळवून पुन्हा लावायचं नाही, ओलं झालेलं एचएमई श्वासच अडवतं. बाळाच्या वजनाला योग्य असं लहान मॉडेल घ्या, मोठ्यांचं नाही. व्हेंटिलेटरच्या वेळी मशीनचा ह्युमिडिफायर चालू असतो, तेव्हा एचएमई काढायचंच. दोन्ही एकत्र ठेवलं की ते पाण्याने भरतं. ह्युमिडिफायरच्या नळ्यांत साचलेलं पाणी नेहमी बाळापासून दूर, पाण्याच्या सापळ्याकडे ओता. बाळाला उचलताना नळी वर झाली की तेच पाणी थेट श्वासनलिकेत जातं. थेट अंगावर येणारा पंखा, एसी, आर्द्रतेशिवाय दिलेला ऑक्सिजन, ताप आणि कमी झालेलं पाणी-दूध, या सगळ्यांनी कफ घट्ट होतो. सर्दी-ॲलर्जीची सुस्ती आणणारी औषधं आणि लाळ कमी करणारी औषधंही तेच करतात. ती विचारल्याशिवाय नकोत.

फीत रोज बदला, आणि दोघांनी मिळून. एकाने नळीच्या पंखावर (गळ्यावर टेकणाऱ्या चपट्या पट्टीवर) दोन्ही बाजूंनी बोटं ठेवायची आणि फीत पूर्ण बांधून होईपर्यंत काहीही झालं तरी सोडायची नाही; दुसऱ्याने बाकीचं करायचं. खांद्याखाली गुंडाळी ठेवून मान मागे असताना फीत घट्ट करू नका. बाळाला उठवून, मान किंचित पुढे घेऊन मापा: फितीखाली एकच बोट जेमतेम जावं. दोन बोटं सहज जात असतील तर रात्री खोकल्याच्या एका झटक्यात नळी बाहेर येऊ शकते. गळ्यातल्या छिद्राभोवती सलाइनने भिजवलेल्या गॉझने पुसा, प्रत्येक तुकडा एकदाच, आतून बाहेर. कापूस, पावडर आणि व्हॅसलीन यांना तिथे जागा नाही. गॉझ घरी कात्रीने कापून नळीभोवती ठेवला तर सुटलेले धागे श्वासात जातात. कापलेला तयार ड्रेसिंगच घ्या. मानेच्या मागच्या वळीत रोज बोट फिरवून पाहा, चौदा महिन्यांच्या गुबगुबीत मानेत जखम तिथेच लपते.

नळी बदलण्याचा कार्यक्रम आठवड्याने की महिन्याने, हे नळीच्या प्रकारावर ठरतं. वेळ भरवल्यानंतर दोन तासांनी. बाळाला दुपट्यात गुंडाळा, खांद्याखाली टॉवेलची गुंडाळी. नवीन नळीत मार्गदर्शक दांडी बसवलेली, टोकाला जेलीचा पातळ हात. सक्शन करा. मग जुनी नळी तिच्या वळणाने काढा आणि नवीन त्याच श्वासात आत: आधी मागे, मग खाली, एकाच गोलाईत. दांडी ताबडतोब काढा, ती आत असेपर्यंत बाळाला श्वास घेता येत नाही. खोकला येणारच. हात पंखावरच ठेवून नळीच्या तोंडाशी हवा लागते का पाहा, छाती दोन्ही बाजूंनी उचलली जाते का पाहा, मग फीत. थोडंसं रक्त चालतं.

आणि हेच अचानक करायची वेळ आली तर? बाळ निळसर पडतंय, छाती ओढतेय, किंवा ऑक्सिमीटर झपाट्याने खाली येतोय. हाक मारा, आणि मदतीची वाट न पाहता सक्शन करा. कॅथेटर पूर्ण मापापर्यंत गेला नाही, किंवा गेला तरी बाळ सुधारलं नाही, तर पुढचं पाऊल एकच: नळी बदला. इथे माणसं अडखळतात. पुन्हा पुन्हा सक्शन करत, सलाइन टाकत, मशीन तपासत मौल्यवान मिनिटं जातात. फीत कापा, जुनी काढा, त्याच मापाची नवीन घाला. जात नसेल तर गुंडाळी नीट करून मान थोडी मागे घ्या आणि अर्ध्या मापाची लहान घाला. तीही जात नसेल तर सक्शन कॅथेटर लहान नळीतून ओवून आधी कॅथेटरचं टोक छिद्रात घाला, मग त्यावरून नळी आत सरकवा. कशालाही जोर लावायचा नाही. जोराने नळी श्वासनलिकेत न जाता तिच्यापुढच्या मांसात शिरते.

नळी काही केल्या गेली नाही तर श्वास कुठून द्यायचा, हे आजच डॉक्टरांना विचारून बॅगेवर लिहा. ज्यांचा वरचा मार्ग उघडा आहे त्यांना छिद्र बोटाने झाकून नाक-तोंडावर मास्क लावून ॲम्बू चालते. ज्यांचा स्वरयंत्राजवळचा मार्गच बंद आहे त्यांना वरून हवा जातच नाही. तिथे छोटा गोल मास्क छिद्रावरच लावावा लागतो. हा फरक ऐन वेळी आठवत नाही, आणि रुग्णवाहिकेतल्या माणसाला तर तो माहीतच नसतो. नळी नीट बसली पण बाळ श्वास घेत नाही, तर ॲम्बू थेट नळीच्या कनेक्टरला जोडा आणि पुनरुज्जीवन (सीपीआर) जसं शिकवलंय तसं सुरू करा.

व्हेंटिलेटरविषयी एकच, पण महत्त्वाचं. लहान नळी बाळाच्या गळ्यातून निघून अंथरुणावर पडली, तरी ती अरुंद असल्यामुळे मशीनला दाब टिकल्यासारखा वाटू शकतो आणि कमी दाबाचा अलार्म वाजत नाही. तपासायचं कसं, तर सर्किटला (मशीनपासून बाळापर्यंतच्या नळ्यांना) जादा ३.५ ची नळी लावा, बाळाशिवाय मशीन चालू ठेवा आणि अलार्म किती वेळात वाजतो ते पाहा. वाजला नाही तर सेटिंग बदलायला लावा. म्हणूनच रात्री ऑक्सिमीटर वेगळा हवाच. त्याची उलट बाजूही लक्षात ठेवा: गार पाय, हलणारं पाऊल, सैल प्रोब (पायाला लावायचा सेन्सर) यांनी खोटे अलार्म वाजतात, आणि खरा त्रास सुरू झाल्यावर आकडा काही वेळ चांगलाच दिसतो. आधी बाळाकडे पाहा, मग पडद्याकडे. कॅमेऱ्याचा बेबी मॉनिटर यातलं काहीच करत नाही.

बाळ बरं असतानाची एक नोंद करून ठेवा: गाढ झोपेत पूर्ण एक मिनिट मोजलेले श्वास, नेहमीचा ऑक्सिजन, दिवसातून साधारण किती वेळा सक्शन, कफाचा रंग. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषात १ ते ५ वर्षांच्या मुलाचा मिनिटाला ४० किंवा जास्त श्वास म्हणजे जलद श्वास. पण तुमच्या बाळाचा नेहमीचा आकडा २६ असेल तर ३८ लाही गप्प बसायचं नाही. सक्शन दुप्पट लागू लागलं, कफ हिरवा किंवा वास येणारा झाला, ३८ अंशांच्या वर ताप, नेहमीपेक्षा जास्त ऑक्सिजन लागतोय, यांपैकी काहीही झालं तर त्याच दिवशी फोन. सक्शननंतर कफात लाल रेघा दिसल्या तर कॅथेटर किती खोल घालताय ते आणि मशीनचा दाब आधी तपासा. ताजं लाल रक्त भरभरून आलं तर फोन करत बसू नका, सरळ इस्पितळ गाठा.

नुकतंच चालायला लागणारं मूल स्वतःच एचएमई काढून फेकणार, हे गृहीतच धरा. दोरा लावलेलं एचएमई मिळतं. मण्यांसारखी खेळणी, वाळू, लोकर सुटणारे टेडी, केस गळणारे प्राणी, परफ्यूम आणि डासांचे फवारे, धूर: नळीला दार नाही, जे हवेत आहे ते आत जातं. आंघोळ बसून, चार-पाच सेंटिमीटर पाण्यात, एकाचा हात कायम बाळावर. डोकं मागे करून तांब्याने केस धुवा. बाकी पालथं पडणं, रांगणं, चढणं, भावंडांशी मस्ती हे सगळं होऊ द्या. नळीच्या भीतीने पाठीवरच झोपवून ठेवलेली मुलं उशिरा बसतात आणि उशिरा चालतात, आणि त्याचं खापर मग आजारावर फुटतं.

तोंडाने खाणं गिळण्याची तपासणी झाल्यावरच ठरतं. खाऊ घातल्यावर सक्शनमध्ये दूध किंवा खाण्याचा रंग दिसला तर ते फुप्फुसांकडे जातंय, थांबवा. बोलण्यासाठी स्पीकिंग व्हॉल्व्ह असतो. तो श्वास आत घेताना उघडतो, सोडताना मिटतो, मग हवा नळीच्या बाजूने वर, स्वरयंत्रातून जाते. नळीचा फुगा भरलेला असताना तो लावणं म्हणजे श्वास बाहेर पडण्याची वाटच बंद करणं. पहिल्यांदा टीमसमोर, काही मिनिटंच. काढताना फुस्स करून हवा सुटली तर आत हवा अडकत होती. लावू नका, डॉक्टरांना सांगा. झोपेत कधीच नाही. तो जमेपर्यंत खाणाखुणा शिकवा. भूक, पाणी, दुखतंय, ‘कफ काढ’ या चार खुणा दीड वर्षाचं मूल सहज उचलतं, आणि त्याने बोलणं मागे पडत नाही.

ट्रेकिओमलेशियात श्वासनलिका वाढीबरोबर बरीच टणक होत जाते, त्यामुळे नळी पुढे निघण्याची शक्यता चांगली असते. पण ती घरी ‘जरा वेळ झाकून पाहू’ म्हणून काढायची नसते. आधी व्हेंटिलेटर सुटतो, मग दुर्बिणीने तपासणी, लहान नळी, इस्पितळात झाकून एक रात्र निरीक्षण, मग काढणं. छिद्रावर हवाबंद ड्रेसिंग लावतात. छिद्र बहुतेकदा आपोआप मिटतं, पण नळी खूप काळ राहिलेली असेल तर बारीक वाट उघडी राहते, खोकताना तिथून कफ येतो. ती लगेच शिवत नाहीत. श्वास स्थिर असल्याची खात्री होईपर्यंत काही महिने थांबतात आणि मग लहान शस्त्रक्रियेने बंद करतात. तातडीची बॅगही टीम सांगेपर्यंत आवरू नका.